बर्फात जायचंय? आधी गाडीतला मराठवाड्याचा उन्हाळा काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरच्या एका भावाकडे २०१६ ची डिझेल स्कॉर्पिओ आहे, फोर बाय फोर नसलेली, म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी. रनिंग सव्वा लाखाच्या पुढे. जानेवारीत बायको, दोन मुलं आणि वडिलांना घेऊन मनालीला जायचं, अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सूला उतरायचं आणि जमलं तर स्पितीही करायचं. विचारणा अशी की नेहमीची सर्व्हिसिंग आणि टायरवर चढवायच्या बर्फाच्या साखळ्या एवढ्यावर भागेल का, आणि बर्फात गाडी चालवायची कशी?

भाऊ, सर्व्हिसिंगवर भागणार नाही. तुमची गाडी वाईट आहे म्हणून नव्हे. संभाजीनगरात माझ्या गॅरेजवर मराठवाडाभरच्या गाड्या येतात, आणि त्यांच्यावर बेचाळीस अंशांत टिकण्यासाठी कुठल्या ना कुठल्या मिस्त्रीने काहीतरी जुगाड केलेला असतो. उन्हाळ्यात तो खपून जातो, उणे दहामध्ये तोच नडतो. म्हणून नवीन सामान घ्यायच्या आधी जुने जुगाड शोधा.

सगळ्यात मोठा जुगाड म्हणजे थर्मोस्टॅट. एप्रिलमध्ये गाडी तापली की आपल्याकडे पहिलं काम काय होतं? थर्मोस्टॅट काढून फेकून देतात आणि गिऱ्हाईकाला सांगतात, आता गाडी थंड राहील. राहते की! पण थर्मोस्टॅटचं काम इंजिन थंड ठेवायचं नसतंच. इंजिन ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत लवकर तापावं म्हणून तो तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसेल तर मनालीच्या सकाळी इंजिन पन्नास-साठच्या वर सरकत नाही, डिझेल जास्त खातं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि केबिनचा हिटर फक्त गार वारा फेकतो. पाच माणसं बंद काचांच्या आत श्वास घेत असतात. हिटर नसेल तर समोरची काच आतून धुरकटते आणि रस्ता दिसेनासा होतो. म्हणजे हे दुखणं नुसत्या गारठ्याचं नाही, थेट अपघाताचं आहे.

तपासणी घरीच करा. थंडीतल्या सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावून बघा, फॅन आणि पट्ट्यापासून बाही-मफलर लांब ठेवून. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. दुसरी खूण हायवेवर मिळते: उतारावर किंवा सलग वेगात तापमानाचा काटा खाली पडत असेल तरी तेच समजा.

त्यानंतर हिटर. आपल्या भागात हिटरची कळ कोणी वर्षानुवर्षं फिरवत नाही. हिटर कोअर, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी फिरून केबिन तापवणारी छोटी जाळी, गळायला लागला की मिस्त्री दोन पाइप एकमेकांना जोडून टाकतो आणि मालकाला पत्ताही नसतो. बॉनेट उघडून इंजिनमागच्या पत्र्यात दोन रबरी पाइप आत जाताना दिसतात का बघा. गाडी तापल्यावर हिटर फुल करून दोन्ही पाइप गरम लागले पाहिजेत. एक गरम आणि एक गार असेल तर कोअर गाळाने चोक झालाय. उलट बाजूने पाणी मारून साफ होतो का बघा, नाहीतर बदला. गाडीत वडील आणि मुलं आहेत, इथे पैसे वाचवू नका.

तो गाळ येतो कुठून? आपल्या पाण्यातून. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या खोल बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते घरच्या गीझरच्या कॉइलला विचारा. तेच पाणी पंपावर बाटली-बाटलीने रेडिएटरमध्ये जातं आणि कुलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं न गोठणारं द्रावण, पातळ होत होत नुसतं रंगीत पाणी उरतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. रात्री उणे दहाला इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बर्फ झाला तर नशीब असेल तर एखादं टोपण निसटेल, नसेल तर ब्लॉकलाच तडा जाईल. मग मनालीहून गाडी ट्रकवर घालून आणायची.

कुलंट पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि निम्मं ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं भरा. हे मिश्रण उणे पस्तीसच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. काहींना वाटतं पाणी घालूच नये, निव्वळ कुलंट जास्त दमदार. उलटं आहे: शुद्ध इथिलिन ग्लायकॉल उणे तेराच्या आसपासच गोठतं, पाण्यात मिसळल्यावरच त्याचा गोठणबिंदू एवढा खाली जातो. बाजारात तयार मिश्रणही मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालू नका. हिरवं-लाल रंगावरून जात ठरवू नका, गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या.

बॅटरीबद्दल एक गैरसमज असा की थंडी बॅटरी मारते. मारतो आपला मे महिना, थंडी फक्त निकाल लावते. उष्णतेने आतल्या प्लेटा झिजलेल्या असतात, पण लातूरच्या हवेत इंजिन सहज फिरतं म्हणून ते कळत नाही. उणे अठराला चांगल्या बॅटरीचीही ताकद जवळपास निम्मी होते, आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे सेलला, म्हणजे स्टार्टरला, जोर दुप्पट लागतो. बॅटरी तीन वर्षांच्या पुढची असेल तर लोड टेस्ट करा. व्होल्टमीटरवर साडेबारा दिसले म्हणून खूश होऊ नका. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन नट आवळून घ्या. ऑइलचंही तसंच. गाडी जुनी झाली की आपल्याकडे २०डब्ल्यू ओततात, आवाज कमी होतो म्हणून. डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे थंडीतली परीक्षा: २०डब्ल्यू ऑइल उणे १५ ला तपासलेलं असतं, १५डब्ल्यू उणे २० ला, ५डब्ल्यू उणे ३० ला. तुमच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० चालत असेल तर या वेळी तेच टाका. हिटर प्लग, म्हणजे थंड इंजिन लागावं म्हणून सिलिंडर तापवणारे प्लग, चारही तपासून घ्या. एखादा गेलेला असला तरी लातूरला गाडी एका सेलमध्ये लागते, म्हणून कुणी बघत नाही.

आता डिझेल. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. टाकी भरलेली असते पण गाडी उपाशी. आपल्या मानकात ज्या तापमानाला डिझेल फिल्टर तुंबवतं, त्याची कमाल मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आणि हिवाळी डिझेलला ६ अंश आहे. पंपावर मिळणारं डिझेल बहुधा याहून बरंच चांगलं असतं, पण महाराष्ट्रात भरलेलं डिझेल उणे दहाला वाहील याची हमी कुणी दिलेली नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहणारं खास डिझेल काढलं ते याच कारणाने. तुम्ही एवढंच करा की घरून भरलेलं आणि वाटेतलं डिझेल संपवत जा, कुलू-मनालीत पोचेपर्यंत टाकी तळाला आणा आणि तिथे स्थानिक पंपावर फुल करा. निघण्याआधी डिझेल फिल्टर नवीन टाका, त्यातलं पाणी काढायची चावी कुठे आहे ते बघून ठेवा. ते पाणी आधी गोठतं. जेल होऊ न देणारं औषध वापरायचं तर डिझेल पातळ असतानाच टाकीत घालायचं. एकदा गोठल्यावर त्याचा उपयोग नाही. रॉकेल मिसळा असं एखादा जुना ट्रकवाला सांगेल. त्याच्या जुन्या पंपाला ते चालत असे. तुमच्या कॉमन रेल इंजिनाच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच मिळतं, त्यात रॉकेल गेलं की खर्च लाखाच्या भाषेत बोलतो. टाकीखाली शेकोटी तर विचारातही आणू नका.

(ज्यांच्या बीएस-६ डिझेल गाडीत युरियाचं द्रावण लागतं त्यांच्यासाठी: ते उणे अकराला गोठतं. टाकीत हिटर असतो, तो वितळवतो, घाबरू नका. जादा कॅन मात्र रात्री खोलीत ठेवा.)

टायर. आपल्या उन्हात रबर कडक होतं, नक्षी शाबूत दिसली तरी. साइडवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षं ओलांडलेले टायर घेऊन बर्फात जाऊ नका. कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, बर्फात चारच्या खाली दम राहत नाही. खरे हिवाळी टायर, ज्यांच्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं, ते सात अंशांखालीही मऊ राहतात, पण एका सहलीसाठी ते शोधत बसणं मला पटत नाही. चांगले टायर आणि साखळ्या, एवढं पुरे.

हवेचा हिशोब मात्र गमतीचा आहे. लातूरला दुपारी ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर मनालीच्या उणे तीनला थंडीमुळे चार-पाच पीएसआय गमावतो. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबच कमी असतो, त्यामुळे काट्यावर दोनेक पीएसआय परत मिळतात. सिस्सूला, म्हणजे ३,१०० मीटरच्या आसपास, थंडी आणि उंची दोन्ही वाढतात आणि शेवटी घट पुन्हा दोनच्याच घरात राहते. म्हणजे तिथे सकाळी थंड टायरवर एकदा तपासून पुस्तकातल्या आकड्यावर आणलं की झालं. वाळूत कमी करतात तशी बर्फात हवा कमी करू नका. साखळी सैल बसते.

साखळ्या तुमच्या गाडीला मागच्या चाकांवर लागतील. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना पुढे. मनालीत भाड्यानेही मिळतात, पण तुमच्या टायरचा साइज सांगून इथूनच मागवा आणि घरच्या अंगणात दोनदा चढवून-उतरवून बघा. उणे पाचला, सुन्न बोटांनी, मागे हॉर्न वाजत असताना पहिल्यांदा शिकायचं काम नाही ते. चढवल्यावर शंभरेक मीटर जाऊन पुन्हा आवळायची. वेग तीस-चाळीसच्या आत. डांबर लागलं की काढायची, नाहीतर तुटलेली कडी चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकचा पाइप कापते. बर्फ पडत असताना सोलंगच्या अलीकडे पोलीस फोर बाय फोर किंवा साखळीवाल्या गाड्याच पुढे सोडतात, तेव्हा हुज्जत घालू नका. आणि लक्षात घ्या, साखळी मागे आहे म्हणजे गाडी ओढेल छान, पण वळायला आणि थांबायला पुढची चाकं अजून उघडीच आहेत.

इथून चालवण्याचा विषय सुरू होतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदीतून गाडी काढलेला माणूस बर्फात निम्मा शिकलेला असतो: दुसरा गिअर, एकसारखं हलकं अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेकला पाय नाही, स्टिअरिंगला झटका नाही, आणि चढावर मध्येच थांबायचं नाही. फरक एवढाच की काळी माती टायरची नक्षी भरून तिला गुळगुळीत करते. ताज्या बर्फात नक्षीत अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो, म्हणून तो काढत बसू नका.

थांबायचं अंतर आकड्यात सांगतो, कारण सांगून कुणाला पटत नाही. चाळीसच्या वेगात ब्रेक मारला तर कोरड्या डांबरावर गाडी आठ-नऊ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तीसेक मीटर, आणि काचेसारख्या बर्फावर साठच्या पुढे. हे नुसत्या ब्रेकचं, तुमच्या प्रतिक्रियेचा वेळ वेगळा. फोर बाय फोर असली तरी या आकड्यांत फरक पडत नाही. ती गाडी हलवते, थांबवत नाही. मनालीत दरीकडे तोंड करून उभ्या असलेल्या महागड्या गाड्या बहुधा याच भ्रमातल्या असतात.

मागच्या चाकांच्या गाडीत उतारावर एक जादा सावधगिरी. इंजिन ब्रेकिंग करा, म्हणजे ब्रेकऐवजी खालच्या गिअरने वेग रोखा, हे सगळेच सांगतात, बरोबरच आहे. पण तिसऱ्यातून धाडकन पहिला टाकून क्लच सोडला तर इंजिनाचा सगळा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो, ती सुटतात आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका, क्लच हळू सोडा. तरी शेपूट सुटलीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा, नजर जायच्या दिशेला ठेवा आणि स्टिअरिंग तिकडेच वळवा. गाडी सरळ होताच स्टिअरिंगही सरळ करा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकली जाते. समोरचा भाग वळणात सरळच जात असेल तर अजून वळवू नका. थोडं सैल करा, चाकांना पकड मिळू द्या. गाडीला एबीएस (ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पेडल पायाखाली थरथरतं, तो बिघाड नाही, पाय दाबून ठेवा. नसेल तर हलके हलके दाब-सोड करा. सामान मागच्या चाकांवर, तळाशी ठेवा. टपावर कॅरिअर भरून नेऊ नका.

दिसणाऱ्या बर्फापेक्षा न दिसणारा वाईट. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळनंतर डांबरावर पातळ काच होऊन बसतं, रस्ता नुसता ओला वाटतो. टायरचा आवाज अचानक बंद झाला आणि स्टिअरिंग हलकं लागलं की समजायचं. ही काच सावलीच्या वळणांवर, पुलांवर, कड्यातून पाणी झिरपतं तिथे आणि बोगद्याच्या तोंडाशी हमखास असते. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा. आत रस्ता कोरडा, त्यामुळे पाय मोकळा सुटतो आणि लाहौलच्या बाजूला बाहेर पडताच बर्फ. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये वेग आधीच उतरवा. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीन-चारनंतर त्या बाजूला राहू नका.

मुक्कामाच्या सवयी पटकन सांगतो. रात्री हँडब्रेक ओढू नका, केबल किंवा लायनर ओलसर असेल तर तिथेच गोठतो. गाडी सपाटीवर, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून. तोंड पूर्वेला ठेवलं तर सकाळचं ऊन काचेवर येतं. वायपर उभे करून ठेवा. वायपरच्या टाकीतलं साधं पाणी काढून न गोठणारं भरा. काचेवरचा बर्फ प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, गरम पाणी ओतलं तर काच तडकते. सकाळी हिटर प्लगचा दिवा दोनदा जाऊ द्या, मग सेल. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारू नका, मिनिटभर थांबा. काच आतून धुरकटली तर हवा बाहेरची घ्या, हिटरसोबत एसीही चालू ठेवा. एसी हवा कोरडी करतो.

गाडीत एक फावडं, घोंगड्या, दोरखंड आणि सोयाबीनची तीन-चार रिकामी बारदानं ठेवा. चाक जागीच फिरायला लागलं की त्याखाली बारदानासारखं काही नाही. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी जास्तीची घ्या, अडकलात तर तीच कामाला येते. आणि अडकलात तर हे पक्कं लक्षात ठेवा: बर्फ पडत असताना काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीच्या रस्त्यावर गाड्या बर्फात अडकून वीसहून अधिक माणसं गेली, त्यातली अनेक याच गॅसने गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. इंजिन अधूनमधून दहा मिनिटं चालवा, त्याआधी प्रत्येक वेळी उतरून सायलेन्सर मोकळा करा, एक काच बोटभर खाली.

आता बेत. मनाली आणि सिस्सू करा, हवामान उघडं असलेल्या दिवशी. ताजा बर्फ पडला असेल तर स्कॉर्पिओ हॉटेलवर ठेवा आणि तिथल्या ड्रायव्हरची फोर बाय फोर घ्या. त्यात कमीपणा नाही. स्पिती जानेवारीत नको. कुंझुम खिंड बंद असते, म्हणजे शिमला-किन्नौरकडून लांबचा वळसा, पुढे मलिंग-नाकोच्या पट्ट्यात काचेचा बर्फ, काझ्याला रात्री उणे वीस सहज, आणि सोबत वडील. जूननंतर जा.

आणि तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट: लातूर ते मनाली या जवळपास दोन हजार किलोमीटरमध्ये बर्फ शेवटच्या काही किलोमीटरवर आहे. ग्वाल्हेरपासून अंबाल्यापर्यंत जानेवारीत धुकं आहे, आणि मला त्याची भीती बर्फापेक्षा जास्त वाटते. त्या पट्ट्यात रात्री आणि पहाटे चालवूच नका. सकाळी दहाला निघा, दिवस मावळायला मुक्काम. लो बीम, फॉग लॅम्प आणि डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरून चाला. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की उभे आहात ते कळत नाही.

परत आल्यावर गाडी खालून दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या, काही ठिकाणी रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. साखळ्या वाळवून ऑइलचा हात फिरवून ठेवा. कुलंट आणि थर्मोस्टॅट आहे तसंच राहू द्या. एप्रिलमध्ये काटा वर चढला आणि मिस्त्री पुन्हा "थर्मोस्टॅट काढू का" म्हणाला, तर त्याला आधी रेडिएटरची जाळी बाहेरून धुवायला, झाकणाचं रबर आणि फॅनचा क्लच बघायला सांगा.